पन्नासच्या आसपास

झेरॉक्सच्या दुकानाच्या दारात भाविका बाहेर पडायला आणि एक म्हातारे नाना आत शिरायला एकच गाठ पडली. दोघांनीही एकमेकांना वाट द्यायचे ठरवले आणि तिथेच सगळे बिघडले. ती काउंटरच्या बाजूला सरकली, तर नानाही काउंटरच्या बाजूला सरकले. ती काचेकडे झाली, तर नानाही काचेकडे झाले. "या, या," ती म्हणाली. "जाय, जाय, पोरी," नाना म्हणाले. मग दोघेही थांबले, समोरचा थांबलाय तर आपण निघावे असे दोघांनाही वाटले, आणि दोघेही एकदमच निघाले. तिच्या हातातल्या अहवालाच्या चार प्रती नानांच्या छातीवर आदळल्या, नानांच्या हातातली कापडी पिशवी निसटली आणि पांढरट हिरवी भरताची वांगी फरशीवर गडगडत झेरॉक्सच्या मशीनखाली गेली. भाविका ओशाळून खाली बसली. एक-एक वांगे हाताने ओढून काढताना तिला उगीचच रडू येईल की काय असे वाटले. वास्तविक रडण्यासारखे काही झाले नव्हते. दुकानदार नानांना ओळखत होता. असोद्याचे चुडामण नाना, सातबाऱ्याची प्रत काढायला आलेले. ते रागावलेही नाहीत. दाराच्या चौकटीला टेकून तिची धडपड पाहत ते मजेत म्हणाले, "मी बी त्याच बाजूले सरकलो, तू बी त्याच बाजूले सरकली. दोघं बी भले निघालो, म्हणून आपटलो. एक जण जरा आडमुठा राहता, तं काही झालं नसतं." आणि आपटून डाग पडलेली दोन वांगी त्यांनी तिच्या हातात कोंबली. "घेऊन जाय. भरीत कर."

बाहेर येऊन ती स्कूटीवर बसली, किल्ली लावली, पण फिरवली नाही. फेब्रुवारी अजून संपला नव्हता, तरी जळगावने आपले रंग दाखवायला सुरुवात केली होती. सीटचा चटका सलवारीतून लागत होता. रस्त्यापलीकडे रसवंतीचे यंत्र चालू होते आणि त्याच्या मोटारीचा आवाज तिच्या कानात बसत होता. ऊस आत गेला की आवाज जड व्हायचा, ऊस संपला की हलका. हा आवाज ऐकायचा नाही असे ठरवूनही ती ऐकत असे. लग्नाच्या मांडवात बँड वाजत असताना हिला मागच्या जनरेटरची घरघर ऐकू यायची. आईच्या मते हा बापाकडून आलेला रोग होता. दोघं बी भले निघालो, म्हणून आपटलो. वाक्य साधेच होते. नाना एव्हाना ते विसरूनही गेले असतील. पण ते तिच्या कुठल्या तरी जागी जाऊन टोचले होते आणि नेमके कुठे, ते तिला कळत नव्हते. मांडीवरच्या चार प्रतींपैकी वरच्या प्रतीचे तिने पान उघडले. अकरावे. बोटांना जणू ते पाठ होते. 'बिघाडाचे कारण : ग्राहकांची बेशिस्त. घरातील इशारा-पेटीचा दिवा पाहून ग्राहकांनी आपापली उपकरणे वारंवार व विनाकारण चालू-बंद केल्याने यंत्रणा कोलमडली.' वाक्य तिचेच होते. सरकारी मराठी तिला चांगली जमू लागली होती, याचे तिला गेल्या आठवड्यात कौतुकही वाटले होते.

उद्या अकरा वाजता या पानावर बैठक होती. पान मान्य झाले की उंबरपाणीतल्या चाळीस घरांतल्या चाळीस पेट्या निघणार, आणि गावाच्या विजेला एकच मोठा स्विच लागणार, तोही जळगावच्या ऑफिसातून चालणारा. भार वाढला की इथे कोणीतरी बटण दाबील आणि तिथे एक पाडा अंधारात जाईल. मोगराबाईच्या बचत गटाच्या पिठाच्या गिरणीला दिवसाचे दोन तास मिळतील. ते कोणते दोन तास, हेही इथूनच ठरेल. गिरणी येण्याआधी उंबरपाणीच्या बायका दळणाचे डबे डोक्यावर घेऊन सात किलोमीटर चालत जात, हे अहवालाच्या तिसऱ्या पानावर होते. तेही वाक्य तिचेच. तिसऱ्या पानावरची भाविका आणि अकराव्या पानावरची भाविका यांची कधी ओळख झाली नसावी.

उंबरपाणी चोपड्याच्या पुढे, सातपुड्याच्या अगदी पायथ्याशी. मोठ्या लाइनची तार तिथवर पोचते ती नुसती नावाला, म्हणून दोन वर्षांपूर्वी तिथे गावाची स्वतःची सौर वीज उभी राहिली. पत्र्यांवर पॅनेल आणि सात ठिकाणी सात बॅटऱ्यांची कपाटे. त्यांच्यात कोणी मुकादम नव्हता. भाविकाचा सगळा जीव होता तो याच गोष्टीत. मोठ्या शहराची असो की चाळीस घरांची असो, वीज एका तालावर चालते, सेकंदाला पन्नास हेलकावे. भार वाढला की ताल जरासा उतरतो, भार घटला की चढतो. तारेच्या कुठल्याही टोकाला बसून तुम्ही तो ऐकू शकता. मग कशाला हवा मुकादम? ताल उतरला की सातही कपाटे आपापल्या ताकदीप्रमाणे थोडे थोडे जास्त ओझे उचलतात, कोणी कोणाला फोन करत नाही. आणि कपाटांच्याही आवाक्याबाहेर ओझे जाऊ लागले, तर घरांना कळावे म्हणून तिने प्रत्येक घरात एक पेटी बसवली होती. ताल ठीक असला की हिरवा दिवा, खूप उतरला की लाल. लाल दिसला तर पंखा, टीव्ही, जमेल ते बंद करा, एवढेच तिने शाळेच्या ओट्यावर उभी राहून सांगितले होते. बायकांनी टाळ्या वाजवल्या होत्या. संक्रांतीच्या आठवड्यात दिवे लागणीच्या वेळी सलग तीन दिवस सगळे गाव धाडकन अंधारात गेले. तिने आलेख काढले. ताल खाली, मग एकदम वर, मग आणखी खाली, मग आणखी वर, करवतीच्या दातांसारखा, आणि मग सपाट रेघ. कोणीतरी दिव्याशी खेळत होते हे उघड दिसत होते. तिने लिहिले, बेशिस्त. कोणाला विचारायला ती गेली नाही. आलेख समोर असताना माणसांना काय विचारायचे, असे तिला तेव्हा वाटले होते.

रसवंतीच्या मोटारीचा आवाज पुन्हा जड झाला. असा जड होणारा आवाज तिने आयुष्यात सर्वात आधी ऐकला तो शिंदखेड्याजवळच्या सबस्टेशनात, आबांचे बोट धरून. आबा, म्हणजे तिचे वडील कौतिक पाटील, तिथे ऑपरेटर होते. खोलीत हिरव्या रंगाचे उंच फलक होते, त्यावर ढीगभर काटे, पण तिला आवडायचे ते एकच जुने मीटर. त्यात काटा नव्हताच. काचेमागे पांढऱ्या टोकाच्या बारीक बारीक पट्ट्यांची रांग होती आणि प्रत्येक पट्टी आपल्या एकाच तालावर थरथरायची. ताल पन्नासचा असला की मधली पट्टी इतकी नाचायची की तिची रुंद धूसर फीत व्हायची, आणि शेजारच्या दोघी जराशा हलायच्या. लांबच्या गप्प उभ्या. "मधली नाची राहिनी ना, मंग बठ्ठं बरं शे," आबा म्हणायचे; बठ्ठं म्हणजे सगळं. कधी मधली मंदावायची आणि डावीकडची नाचू लागायची. आबांचे बोट तिच्या हातात घट्ट व्हायचे. मग फोन वाजायचा. वरून कोणीतरी आकडा सांगायचे, इतका भार उतरवा, आणि आबा उठून एक-एक गाव ओढायचे. ओढायचे म्हणजे अंधारात टाकायचे. ती सगळी भारनियमनाची वर्षे होती. फोन आला की आबा सर्वांत आधी आपल्याच घराची लाइन ओढत, म्हणजे कोणी बोट दाखवायला नको. तरीही लोक बोट दाखवत. चौथीत असताना वर्गातली एक मुलगी सर्वांदेखत म्हणाली होती, "तुन्हा बाप अंधार करस." भाविका घरी येऊन आईला बिलगली होती, आणि आईने, मंदाबाईने, चिमणीच्या उजेडात भाकरी थापता थापता म्हटले होते, करस, मंग काय करशी? आबा तेव्हा घरी नसत. ड्यूटी सहाला सुटली तरी ते तिथेच बाकावर बसून राहत, डबाही न उघडता. रात्री दहाला लाइन परत आली की मगच सायकल काढत. आपणच केलेल्या अंधारात जाऊन जेवायचे त्यांच्या जिवावर यायचे. हे त्यांनी कधी सांगितले नाही. तिलाही ते कळायला इंजिनिअर व्हावे लागले. आबांना निवृत्त होऊन दहा वर्षे झाली, शिंदखेड्यात आता दिवसरात्र वीज असते, तरी दहा वाजल्याशिवाय ते ताटावर बसत नाहीत. आई कुरकुरते, डॉक्टर ओरडतात, शुगर वाढते. ते म्हणतात, भूकच लागत नाही. ते जुने मीटर भंगारात निघाले तेव्हा त्यांनी ते घरी आणले होते, आणि तिला नोकरी लागली तेव्हा एका टॉवेलात गुंडाळून तिला दिले होते. सध्या ते उंबरपाणीच्या गिरणीच्या भिंतीवर होते.

हे सगळे तिला काही ओळीने आठवले नाही. पट्ट्या आठवल्या, मग आईच्या भाकरीचा वास, मग पुन्हा करवतीचे दात, आणि त्या दातांच्या मधोमध चुडामण नाना काचेच्या बाजूला सरकताना दिसले. तिने अकरावे पान उलटून आलेख काढला. खाली, वर, खाली, वर. सगळे एकाच बाजूला सरकले. मग सगळे एकाच वेळी थांबले. मग सगळे एकदम निघाले. चाळीस घरांतल्या चाळीस पेट्या तिने एकाच आकड्यावर बसवल्या होत्या. चाळीस दिवे एकाच क्षणी लाल होत होते आणि चाळीस माणसे एकाच क्षणी हात लांब करत होती. एक जण आडमुठा असता तर काही झाले नसते. उंबरपाणीत एकही आडमुठा निघाला नव्हता. ती बेशिस्त नव्हती. शिस्त होती ती, आणि इतकी की कुठल्याच यंत्रणेला झेपू नये. भाविकाच्या कानशिलात रक्त उसळले. तिला लाज वाटली, आणि त्या लाजेच्या खालीच कुठेतरी इतके मोकळे वाटले की त्याचीही लाज वाटली. रसवंतीवाला तिच्याकडे पाहत होता. बाई गेला पाव तास किल्ली लावून वांगी मांडीवर घेऊन बसली आहे, म्हटल्यावर कोणीही पाहील.

स्कूटी स्टँडवर लावून, चोपड्याच्या एसटीत खिडकीशी बसून तिने भूषण सरांना फोन लावला. भूषण सर तिच्याहून दोनच वर्षांनी मोठे, पण कायम नोकरीत असल्यामुळे सर. तिची नोकरी कंत्राटी, मार्चअखेर नवे पत्र मिळायचे की नाही ते याच सरांच्या शेऱ्यावर ठरणार होते. तिने सगळे सांगितले. मागच्या सीटवर कोणीतरी केळी खात होते आणि त्याचा गोड वास भर उन्हात नकोसा होत होता. "म्हणजे कारण बदललं," सर म्हणाले. "मग चूक कोणाची म्हणायची?" "माझी," ती म्हणाली. बाहेर केळीच्या बागा मागे पळत होत्या. "तसं लिहून द्याल?" "अकराव्याच पानावर देईन." ते वाईट माणूस नव्हते, फक्त त्यांना बैठकीत पाच जणांना तोंड द्यायचे होते. "मॅडम, मला तुमच्या तोंडच्या शब्दाचा उपयोग नाही. आज संध्याकाळचा आलेख पाठवा. सरळ आला तर उद्या मी पेट्यांच्या बाजूने बोलतो, निदान एक महिना मागून घेतो. वाकडा आला तर एकच स्विच, आणि मग चूक तुमची ही कागदावर तशीच राहील." ते म्हणाले ते रास्त होते. भाविकाने फोन पर्समध्ये ठेवला आणि तिथे हाताला वांगी लागली.

मोगराबाई गिरणीच्या ओट्यावर ज्वारी पाखडत बसली होती. पन्नाशीची, काटक, बोलताना सुपावरची नजर न काढणारी बाई. बिजला, म्हणजे तिचा नवरा, गिरणीचा पट्टा घट्ट करत होता. भाविकाला पाहून मोगराबाईने सूप ठेवले आणि पाणी दिले. त्या पाणी देण्यात 'तीन वेळा गाव अंधारात गेले आणि तू आज आलीस' हे सगळे होते. भाविकाने पाणी पिऊन जो प्रश्न दीड महिन्यापूर्वी विचारायचा तो आता विचारला. "बाई, दिवा लाल झाला की तुम्ही नेमकं काय करता?" मोगराबाईला प्रश्नाचेच नवल वाटले. "बंद करतस. बठ्ठा." "सगळेच? एकदम?" "ताई, लाल दिवा म्हंजे हाकच ना. हाक उनी ते आम्ही इचारतस नही, कोना घरनी शे. बठ्ठा उठतस." बिजला पट्ट्यापाशी उभा राहून म्हणाला, "घरवर कौलं चढावानी हाक उनी का आम्ही ताटवरथून उठतस." त्याच्या बोलण्यात तक्रार नव्हती, थोडी ऐट होती. लाल दिवा असताना ज्याचा पंखा फिरताना दिसला त्याला शेजारी नावे ठेवत, हेही मग कळले. एका म्हातारीने तर दिवा लाल व्हायची वाटच न बघता आधीच सगळे विझवून बसायची सवय लावून घेतली होती. "आणि हिरवा झाला की?" "हिरवा व्हयना म्हंजे काम व्हयनं. बठ्ठा परत लावतस." भाविका ओट्यावर बसली. तिला हसू आले. तिने सगळे सांगितले. सगळे एकदम बंद करता, म्हणून ओझे एकदम उतरते. सगळे एकदम लावता, म्हणून एकदम चढते. चूक तुमची नाही, माझी आहे. मी सगळ्यांना एकच खूण दिली. मोगराबाईने हे ऐकले, सूप पुन्हा उचलले आणि दोन वेळा पाखडून झाल्यावर म्हणाली, "निंदाले जातस तधळ बठ्ठ्याजनी एकदम पानी पेवाले बसतस का? एक बसस, ती उठनी का मंग दुसरी. ओळ कधी थांबस नही. हाई ते धाकल्या पोरीसलेबी समजस." मग, ज्वारीकडे बघतच, "तुम्ही इचारंच नही."

चार वाजत आले होते. प्रत्येक पेटीच्या पाठीमागे एक बारीक स्क्रू होता. तो फिरवला की दिवा कितीवर लाल व्हायचा ते बदलत असे. पेचकस दोन होते, एक भाविकाचा आणि एक गिरणीचा. दहा दहा घरांचे चार गट करायचे, पहिल्या गटाचा दिवा ताल जरासा उतरताच लाल होईल, दुसऱ्याचा आणखी उतरला तर, तिसऱ्याचा त्याहून खाली, चौथ्याचा अगदी शेवटी. आणि हिरवा झाल्यावर प्रत्येक घराने आपापला वेगळा आकडा मोजून मगच बटण लावायचे. हाक ऐकून ओट्यापाशी जमलेल्या सगळ्यांना इथवर पटले. अडले ते पहिला गट कोणता यावर, आणि अडले तेही उलटेच. वरच्या पाड्याची माणसे म्हणाली, आम्हीच पहिले. नदीकडची म्हणाली, कशाला, आमच्याकडे पंखे जास्त, आम्हीच पहिले. भाविकाने ऑफिसात हक्कासाठी भांडणारे पुष्कळ पाहिले होते, आधी सोसण्यासाठी भांडणारे तिला पहिल्यांदाच भेटत होते, आणि हे भांडण मिटवायचे कसे ते तिला सुचत नव्हते. मोगराबाईने एका वाक्यात मिटवले. बारी बाजाराच्या बाजाराला बदलायची. या आठवड्याच्या बाजारापर्यंत वरचा पाडा पहिला, मग मधला, मग पुढचा, फिरत फिरत. त्यासाठी आठवड्याला सगळे स्क्रू फिरवावे लागतील, असे भाविका म्हणू लागली, तर बिजलाने पेचकस स्वतःच्या खिशात टाकला आणि म्हणाला, "फिरावसू ना मी." मग तो नदीकडे निघाला आणि भाविका वरच्या पाड्याकडे. घरोघर अंगणात कोंबड्या, वाळत घातलेली मोहाची जुनी पोती, दाराआड हिरवा दिवा. पेटी उलटी करायची, स्क्रू फिरवायचा, खडूने वर गटाचा आकडा लिहायचा, मोजायचा आकडा बाईला सांगायचा आणि तिच्याकडून परत म्हणवून घ्यायचा. विसाव्या घरापर्यंत तिच्या अंगठ्याला फोड आला. भूषण सर, मार्चअखेर, उद्याचे अकरा, हे सगळे त्या फोडात येऊन बसले होते आणि बाकी शरीर हलके होते. चाळिसावी पेटी झाली तेव्हा डोंगरामागे सूर्य उतरला होता आणि चुली पेटल्या होत्या.

दिवे लागणीला ती गिरणीत येऊन आबांच्या मीटरसमोर उभी राहिली. मधली पट्टी नाचत होती. पाड्यांवर एक-एक दिवा लागू लागला, टीव्हीचे आवाज आले, आणि बिजलाने गिरणीचे बटण दाबले. पट्टा फिरला, मोटार कण्हली. मधली पट्टी मंदावली आणि डावीकडची हलू लागली. हे तिने लहानपणी शंभर वेळा पाहिले होते. या क्षणानंतर फोन वाजायचा. तिचा हात नकळत शेजारी कोणाचे तरी बोट शोधू लागला. तिला मोगराबाईचा खांदा सापडला. वरच्या पाड्यावर पाच-सहा खिडक्या काळ्या झाल्या, मग दहाही. बाकीचे गाव उजळच होते. डावीकडची पट्टी अजून नाचत होती. मग मधल्या पाड्यातला एक, दुसरा, चौथा दिवा गेला, आणि आवाजाचे उतरणे थांबले. ते तिला आधी कानांनी कळले, डोळ्यांनी नंतर. तेवढ्यात समोरच्याच घरातला दिवा फटकन विझला. ते घर चौथ्या गटातले होते. दारात अभिमन आबा, गावातले सर्वांत म्हातारे, हात मागे बांधून उभे होते. सगळ्यांनी विझवले आणि मी कसा लावून बसू, असा त्यांचा चेहरा. मोगराबाई ओट्यावरूनच ओरडली, "आबा, तुन्ही बारी नही शे आज. दिवा चालू कर आनि बस." म्हाताऱ्याने आयुष्यात पहिल्यांदाच चांगले वागल्याबद्दल बोलणी खाल्ली असावीत. तो अवघडून घरात गेला आणि दिवा पुन्हा लागला. वरच्या पाड्यावर कुठेतरी एक बाई मोठ्याने आकडे मोजत होती, तिचे संपले तसा एक दिवा आला. मग दुसरीचे संपले. एक येत होता, मधेच दुसरा जात होता, ओळ चालू होती. भाविका वीस मिनिटे हलली नाही. गिरणीतून ज्वारीचे पहिले गरम पीठ डब्यात पडत होते आणि त्याची बारीक धूळ तिच्या पापण्यांवर बसत होती. फोनमधला आलेख तिने शेवटी उघडला. अगदी सरळ नव्हता. पाणी भरलेली कळशी डोक्यावर घेऊन चालणारी बाई जितकी डुलते तितका डुलत होता, आणि पडत नव्हता. तिने तो तसाच भूषण सरांना पाठवला आणि खाली लिहिले, अकरावे पान रात्री नवीन पाठवते. सरांचे उत्तर लगेच आले. महिना मागतो.

मोगराबाई दोन डागाळलेली वांगी चुलीत खुपसून आली होती. भाजल्याचा वास गिरणीपर्यंत आला तेव्हा भाविकाने शिंदखेड्याला फोन लावला. आबांनीच उचलला. ती काही न बोलता फोन मीटरजवळ धरून उभी राहिली आणि मग तिला सुचले की पट्ट्यांचा आवाज तो काय ऐकू येणार. पण मागची गिरणी ऐकू येत असावी. "भार शे वाटतं," आबा पलीकडून म्हणाले. "कोनती नाची राहिनी?" "मधली, आबा. शेजारची जरा हलते." "हालू दे. हालाले पाहिजे थोडी." मग जुन्या सवयीने, ऑपरेटर ऑपरेटरला विचारतो तसे, त्यांनी विचारले, "फोन कोना येस तठे? उतारा म्हनीसन कोन सांगस?" "कोणीच नाही सांगत. ताल उतरला की ज्याची बारी असते त्याला घरातच कळतं. तो थोडा वेळ दिवा-पंखा बंद करून बसतो. मग तो उठतो, दुसरा बसतो. अंधार कोणाच्याच घरी टिकत नाही." "आनि ऑपरेटर?" "ऑपरेटरच नाही, आबा. कोणाला काही ओढावं लागत नाही." लहानपणच्या त्या खोलीतला बाक तिला दिसला, न उघडलेला डबा दिसला, आणि तिच्या डोळ्यांतून पाणी आले. ते तिने पुसले नाही, पिठाच्या धुळीत कोणाला दिसणार होते. "मंग तो मानूस येळवर घर जाई," आबा शेवटी म्हणाले, अगदी हळू, जणू ती बातमी त्यांना स्वतःलाच सांगायची होती. मग त्यांनी फोन तोंडापासून लांब धरला असावा, कारण पुढचे आईसाठी होते आणि लांबून आले. "मंदा, ताट वाढ. भूक लागनी."

गिरणीच्या भिंतीवरच्या घड्याळात सात वाजून दहा मिनिटे झाली होती.